सावधराव आणि पोस्टमन बाईंचा पाय

घराला कुलूप लावायचं, तीनदा ओढून पाहायचं, चार पायऱ्या उतरायच्या आणि परत वर जाऊन चौथ्यांदा ओढायचं, हा त्यांचा रोजचा नेम होता. शेजाऱ्याने एकदा न राहवून विचारलं, की चौथ्यांदा ओढल्यावर कधी उघडलं आहे का? ते शांतपणे म्हणाले, "अजून तरी नाही." त्या दिवसापासून इमारतीत त्यांचं नाव सावधराव पडलं, आणि ते नाव त्यांच्याआधी कामाच्या ठिकाणी जाऊन पोहोचलं.

त्यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. खिशात दोन पेनं, पिशवीत बाराही महिने छत्री, आणि कुठे जायचं ठरलं की आधी परतीची गाडी किती वाजता आहे याची चौकशी. त्यांची बायको चारचौघांत सांगायची, की लग्नाला होकार द्यायला यांनी चार महिने घेतले. तेवढ्यात माझं दुसरीकडे जमलं असतं तर यांना हायसं वाटलं असतं, ठरवायची कटकट वाचली म्हणून. हे ती त्यांच्या समोरच सांगायची, आणि तेही "खरं आहे" म्हणून मान डोलवायचे.

सावधराव कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका केंद्रात कामाला होते. एकोणतीस वर्षं झाली होती, निवृत्तीला एक उरलं होतं. लागले ते भांडारात. कपाटांमध्ये मापाप्रमाणे पावलं लावून ठेवायची, डावी वेगळी, उजवी वेगळी, हे काम. पुढे केंद्रात पहिला संगणक आला. त्याला ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून तो त्यांच्या टेबलावर ठेवला, आणि जे टेबलावर ते गळ्यात, या न्यायाने तो त्यांच्या गळ्यात पडला. त्यांनीही तक्रार केली नाही. वाचून, विचारून, चुकून, पुन्हा वाचून शिकत गेले. आता केंद्रात अशी नऊ मशीनं होती, सगळी लिनक्स नावाच्या सिस्टिमवर चालणारी, आणि त्या नऊ मशीनांच्या नऊ वह्या होत्या. मशीनला हात लावायच्या आधी काय करणार ते वहीत लिहायचं, मग करायचं, मग काय झालं ते लिहायचं. वहीत न लिहिलेली गोष्ट घडलीच नाही, असं ते धरून चालत.

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि त्याच्यामागे एक फजिती होती. फार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्यांनी घाईघाईने एका मशीनचा एक भाग बदलला, तिथल्या तिथे बंद-चालू करून पाहिलं, झकास चाललं, म्हणून समाधानाने घरी गेले. सकाळी ते मशीन उठलंच नाही. गरम असताना धावणारं आणि गार झाल्यावर न उठणारं असंही एक दुखणं यंत्रांना असतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. लांबून आलेल्या सव्वीस माणसांना, कुबड्यांसकट, परत पाठवावं लागलं. तेव्हापासून सावधरावांनी कानाला खडा लावला. कुठलाही बदल केला की मशीन बंद करायचं, रात्रभर गार होऊ द्यायचं आणि सकाळी उठतं का ते पाहायचं. गरम मशीनची साक्ष धरू नये, असं ते म्हणत.

सकाळी मशीनं उठवायचं काम मामांचं. मामा म्हणजे केंद्राचे वॉचमन. ते सावधरावांहून चार वर्षांनी लहानच, पण त्यांना मामा म्हणायची पद्धत इतकी जुनी, की डॉक्टरबाईही त्यांना मामाच म्हणत. संध्याकाळी सहाला मामा इमारतीचा मोठा खटका बंद करत, सकाळी आठला चालू करत, आणि मग खोल्याखोल्यांतून फिरत एकेका मशीनचं बटण दाबत जात, म्हणजे नऊला लोक येईपर्यंत सगळी मशीनं जागी असत. हे काम त्यांना सावधरावांनीच शिकवलं होतं. शिकवलं होतं म्हणजे एका जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून तो पुठ्ठा मामांच्या खोलीच्या दारामागे ठोकला होता: बटण दाबावे. पडद्यावर काही विचारले तर एंटर दाबावे. पुन्हा विचारले तर पुन्हा एंटर. बाकी कशालाही हात लावू नये.

नऊ मशीनांतलं सर्वांत महत्त्वाचं मशीन मिस्त्रींचं होतं. मिस्त्री म्हणजे पाय घडवणारे मुख्य कारागीर. कृत्रिम पायातला खरा अवघड भाग म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी. ती सैल झाली तर माणूस पडतो, घट्ट झाली तर जखम होते. सव्वीस वर्षं मिस्त्रींनी ही वाटी प्लास्टरचा साचा घेऊन, कानशीने घासून, डोळ्याने आणि अंगठ्याने घडवली. मग त्यांचं उजवं मनगट गेलं. कानस धरली की बोटं थरथरायची. दोन वर्षांपूर्वी स्कॅनर आला, आणि उरलेल्या पायाचा आकार पडद्यावर उमटू लागला. तो फिरवून, कुठे दाबून, कुठे फुगवून ठीक केला, की शेजारचं यंत्र तोच आकार ठोकळ्यातून कोरून द्यायचं. मिस्त्री सुरुवातीला फार कुरकुरले. चित्राला कानस लावून कुणाला चालता येतं का, म्हणाले. पण सहा महिन्यांत ते तो आकार पडद्यावर असा फिरवू लागले, की जणू साचा त्यांच्या मांडीवरच आहे.

आणि हा जुना स्कॅनर एके दिवशी बंद पडला. दुरुस्त होण्यापलीकडे गेला.

नवा आला तो सोमवारी. तो घेऊन आलेल्या माणसाने आपल्या लॅपटॉपवर चालवून दाखवला, आणि दाखवण्यासाठी, समोर ज्या बसल्या होत्या त्यांचाच पाय टिपला. त्या होत्या पोस्टमन बाई. टपाल वाटणाऱ्या बाईला काय म्हणावं हे कुणाला सुचत नव्हतं, म्हणून सगळे पोस्टमन बाईच म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं. अकरा महिन्यांपूर्वी एका वळणावर मागून येणाऱ्या ट्रकने त्यांची सायकल चेपली, आणि डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पुढच्या सोमवारी त्यांची वैद्यकीय तपासणी होती. तिथे स्वतःच्या पायाने जिने चढून दाखवले तर त्यांना त्यांचा टपाल वाटायचा भाग परत मिळणार होता, नाहीतर कायमचं आत बसून पत्रं निवडायचं काम. दोनदा तारीख पुढे ढकलून झाली होती, तिसऱ्यांदा ढकलणार नाही असं लेखी आलं होतं. बसून काम म्हणजे उलट बरंच की, असं कुणीतरी त्यांना म्हणालं. बाई म्हणाल्या, "बसून पत्रं दिसतात हो. माणसं दिसत नाहीत."

स्कॅनरवाला फाइल देऊन गेला आणि जाताजाता सांगून गेला, की हा स्कॅनर आणि ही फाइल तुमच्या सध्याच्या सिस्टिमवर उघडणार नाही. नवी सिस्टिम घाला.

ही गोष्ट सावधराव चार वर्षं टाळत आले होते. दर काही महिन्यांनी मशीन नम्रपणे विचारायचं, नवी आवृत्ती आली आहे, घेऊ का, आणि ते तितक्याच नम्रपणे नको म्हणायचे. चालतंय ना, मग चालू द्यावं. पण नको नको म्हणता म्हणता मधल्या तीन आवृत्त्या साचल्या होत्या, आणि आता एका पायरीऐवजी तीन पायऱ्या एकदम उडी मारून चढायच्या होत्या. मंगळवारी सकाळी त्यांनी सगळ्या डिस्कची नक्कल काढून कपाटात ठेवली, वहीत पाऊण पान लिहिलं, आणि अपग्रेड सुरू केलं. संध्याकाळी ते बिनतक्रार संपलं. मशीन बंद केलं, गार होऊ दिलं.

बुधवारी सकाळी नऊला ते आले तेव्हा मिस्त्री पडद्यासमोर हाताची घडी घालून बसले होते. पडद्यावर मुठीएवढी अक्षरं होती, जणू मशीनला रात्रीतून चाळिशी लागली होती. फाइल उघडत होती. बाईंच्या पायाचा आकारही दिसत होता. पण तो फिरवला की धक्के खात, थांबत, अडखळत वळायचा.

"मी याला उजवीकडे वळवला," मिस्त्री म्हणाले, "आणि चहा पिऊन आलो, तेव्हा तो वळला."

दुखणं कशाचं आहे हे सावधरावांना तासाभरात कळलं. मशीनमध्ये चित्र काढणारं एक ग्राफिक्स कार्ड असतं, आणि सिस्टिम त्याच्याशी थेट बोलू शकत नाही, मध्ये एक दुभाषा लागतो. तो दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. नव्या सिस्टिमने जुन्या दुभाष्याला रजा दिली होती, आणि जो नवा आणला होता तो या नऊ वर्षांच्या कार्डाची बोली शिकलाच नव्हता. मग सिस्टिमने हातवारे करून काम भागवायला घेतलं होतं. ही धक्के खाणारी चित्रं म्हणजे ते हातवारे.

डॉक्टरबाई केंद्राच्या प्रमुख. त्या येऊन पाहून गेल्या आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला, की जुनी नक्कल आहे ना कपाटात, तीच परत घाला. सावधरावांनी आयुष्यभर परतीची वाट राखली होती, आणि याही वेळी राखली होती. पण नवी फाइल जुन्या सिस्टिमवर उघडत नव्हती, आणि जुना स्कॅनर मेला होता. परतीची वाट होती, पण त्या वाटेवर पोस्टमन बाईंचा पाय नव्हता. हे त्यांनी डॉक्टरबाईंना सांगितलं, आणि सांगताना त्यांना स्वतःलाच ते प्रथम नीट ऐकू आलं.

त्यांनी शोधायला सुरुवात केली. जुन्या कार्डांसाठी कुणी भल्या माणसांनी जुना ड्रायव्हर अजून जिवंत ठेवला होता. तो त्यांनी आणला. तो नव्या सिस्टिमच्या मापाने मशीनवरच घडवून घ्यावा लागतो, तसा घडवला. त्यात दुपार गेली. शेवटी आणखी एक अट निघाली. हे मशीन शिक्का नसलेला ड्रायव्हर आत सोडत नसे. तो पहारा वरच्या कार्यालयाने लावलेला होता आणि काढायची परवानगी नव्हती. त्यामुळे शिक्क्याची किल्ली बनवायची, तिला एक परवलीचा शब्द द्यायचा, आणि पुढच्या वेळी मशीन चालू होताना ते तो शब्द एकदा विचारून किल्ली कायमची नोंदवून घेणार, अशी रीत होती. सावधरावांनी किल्ली बनवली, शब्द वहीत लिहिला, पावणेसहाला मशीन बंद केलं, आणि नेहमीप्रमाणे गार होऊ दिलं.

गुरुवारी सकाळी मुठीएवढी अक्षरं तशीच. परवलीचा शब्द कुणी विचारलाच नाही. आत जाऊन नोंदी वाचल्या तर एकच वाक्य होतं, किल्ली नाकारली.

सरळमार्गी माणसाला किल्ली नाकारली म्हटलं की आपलीच किल्ली चुकली असं वाटतं. सावधराव पहिल्या पानापासून पुन्हा सुरू झाले. जुनी किल्ली मोडली, नवी बनवली. ड्रायव्हर काढून दुसऱ्या आवृत्तीचा घातला. तो नीट बसेना म्हणून सिस्टिमचा गाभाही, ज्याला कर्नल म्हणतात, थोडा जुना निवडला. प्रत्येक पाऊल वहीत. परवलीचा शब्दही नवा. पावणेसहाला बंद.

त्या संध्याकाळी ते जेवताना भात कालवत नुसते बसून राहिले. बायकोने दोनदा पाहिलं, मग विचारलं, की सगळं बरोबर करताय ना? ते म्हणाले, तीच तर अडचण आहे, चूक सापडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मग बरोबर काय करताय ते एकदा तपासा." हे तिने चेष्टेने म्हटलं, आणि त्यांनीही ते चेष्टेवारी नेलं.

शुक्रवारी सकाळी, ये रे माझ्या मागल्या. किल्ली नाकारली.

शुक्रवार हा शेवटचा दिवस होता. आज आकार ठीक झाला तर यंत्र तो रात्रभर कोरणार, शनिवारी त्याच्यावर प्लास्टिक तापवून वाटी ओढायची, दुपारी बाईंना बसवून पाहायची, रविवारी घरी सराव, सोमवारी तपासणी. यातली एक कडी निसटली की पुढचं सगळं निसटलं. डॉक्टरबाईंनी विक्रेत्याच्या माणसाला फोन केला होता, तो पुढच्या बुधवारी मोकळा होता. त्या सावधरावांना रागावल्या नाहीत. चारपर्यंत बघू, मग बाईंना मी सांगते, एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटलं.

दुपारी मिस्त्रींनी कुणाला न सांगता प्लास्टरची पट्टी भिजवली आणि स्वतःच्याच पोटरीवर गुंडाळून पाहिली. पट्टी घट्ट होण्याआधी हात फिरला पाहिजे, तो फिरेना. त्यांनी ती ओली असतानाच सोडवून बादलीत टाकली आणि हात धुऊन परत पडद्यासमोर येऊन बसले. कसाबसा ओढतो, म्हणाले. धक्के खात का होईना, अंदाजाने करतो. सावधरावांना माहीत होतं, की अंदाजाने केलेली वाटी पहिल्याच जिन्यावर कातडं सोलते. मिस्त्रींना तर ते त्यांच्याहून जास्त माहीत होतं.

पोस्टमन बाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, त्या विचारायला आल्या होत्या. सावधराव बाहेर गेले. डॉक्टरबाईंनी सांगायच्या आधी आपण सांगावं, असं त्यांना वाटलं. वही हातातच होती. त्यांनी सगळं सांगितलं, जसं घडलं तसं, तारीखवार. रोज संध्याकाळी मी सगळं ठीक करून बंद करतो आणि सकाळी येऊन पाहतो तर किल्ली नाकारलेली असते. कुठे घोडं पेंड खातंय, कळत नाही.

बाईंनी कुबडी बाकाला टेकवली. त्यांनी धीर दिला नाही की दोषही दिला नाही. त्या विचार करत होत्या.

"आमच्याकडे पत्र पोहोचलं नाही ना," त्या म्हणाल्या, "की नवा माणूस आधी पत्ता तपासतो. चारदा तपासतो. जुना माणूस विचारतो, मधे पिशवी कुणाकडे होती?"

"मधे कुणाकडेच नसतं. बंद असतं."

"आणि सकाळी?"

"सकाळी मी नऊला येतो."

"तुम्ही येता तेव्हा ते बंद असतं का?"

सावधरावांनी वही मिटली. ते मामांच्या खोलीकडे चालू लागले. त्यांना इतक्या भरभर चालताना केंद्रात कुणी पाहिलं नव्हतं.

मामा चपलेचा अंगठा शिवत बसले होते. सावधरावांनी विचारलं, की सकाळी मिस्त्रींचं मशीन चालू करताना पडद्यावर वेगळं काही दिसतं का?

"ते निळं ना?" मामा म्हणाले. "येतं की. दोन दिवस येतंय. आधी म्हणतं कायतरी दाबा, मी एंटर दाबतो. मग चार-पाच ओळी येतात, पुन्हा एंटर दाबतो. जातं."

"मला सांगितलं नाहीत?"

"त्यात काय सांगायचं?" मामांना खरंच कळलं नाही. "तुम्हीच तर शिकवलंय. विचारलं की एंटर, पुन्हा विचारलं की पुन्हा एंटर. इतकी वर्षं एकदा तरी चुकलोय का?"

ते एकदाही चुकले नव्हते. त्या चार-पाच ओळींतली पहिली ओळ होती, पुढे चला. किल्ली नोंदवा ही दुसरी. मामा रोज सकाळी इमानेइतबारे पहिली ओळ निवडत होते, आणि मशीनही तितक्याच इमानाने कुणी नोंदवायला आलं नाही असं समजून आदल्या दिवशीची किल्ली फेकून देत होतं.

सावधराव दारामागच्या पुठ्ठ्यासमोर उभे राहिले. अक्षर त्यांचंच होतं. वळणदार, सुवाच्य, कुठे खाडाखोड नाही. मशीनांना लोकांच्या हातांपासून वाचवायचं म्हणून त्यांनी ते लिहिलं होतं, आणि कुणीही काही न विचारता, न सांगता, काही न बिघडवता वागावं अशी त्यात पक्की व्यवस्था होती. त्यांना मामांचा राग आला नाही. आपल्याच हाताने लावलेलं कुलूप बाहेरून ओढून पाहणाऱ्या माणसाला राग कुणाचा येणार?

सव्वातीन वाजले होते. आता किल्ली पुन्हा बनवून, नेहमीप्रमाणे मशीन गार करून, सकाळी आठला स्वतः हजर राहायचं, हा त्यांच्या नियमातला मार्ग होता. शनिवारी सकाळी पडदा सुरू झाला असता, आणि बाईंचा सोमवार गेला असता. दुसरा मार्ग म्हणजे आत्ता, इथेच, गरम मशीन बंद करून चालू करायचं. त्यात धोका होता. नवा ड्रायव्हर आत शिरून अडकला तर पडदा पुरता काळा पडला असता, आणि मिस्त्री ज्या धक्क्यांवर कसंबसं भागवणार होते तेही गेलं असतं.

त्यांनी मिस्त्रींना विचारलं. मिस्त्रींनी खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाले, "मला नका विचारू. मी प्लास्टरवाला माणूस. साचा एकदाच ओततो."

सावधरावांनी किल्ली बनवली. तिसऱ्यांदा. मग वहीत लिहिलं: तीन वीस, मशीन गरम असताना बंद-चालू करणार. हे वाक्य त्या वहीत कधी आलं नव्हतं. मशीन बंद करून त्यांनी मामांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, की तुम्ही रोज करता तसं करा, फक्त एंटरला हात लावू नका. मामा आधीच घाबरले होते. त्यांनी पँटला बोट पुसलं आणि बटण दाबलं.

निळं आलं. वर दहा हा आकडा होता आणि तो उतरत होता. नऊ, आठ. सावधरावांनी एक कळ दाबली. ओळी आल्या. पहिली ओळ उजळलेली होती, पुढे चला. त्यांनी बाण दाबून उजेड दुसरीवर आणला, आणि मग एंटर. मशीनने परवलीचा शब्द विचारला. टाइप करताना पडद्यावर काही उमटत नव्हतं, ठिपकासुद्धा नाही. त्यांनी वहीत बोट ठेवून एकेक अक्षर दाबलं. पुन्हा वाचायला काही नव्हतं, पुन्हा ओढून पाहायला काही नव्हतं. एंटर.

मशीन स्वतःच बंद झालं, स्वतःच चालू झालं, आणि पडदा काळा पडला.

तो किती वेळ काळा होता हे नंतर तिघांनी तीन प्रकारे सांगितलं. मामांच्या मते पाच मिनिटं. मिस्त्री म्हणाले, अर्धं. सावधरावांनी घड्याळाकडे पाहिलंच नव्हतं, ही त्यातली विशेष गोष्ट. आतला पंखा घरघरत होता. मग पडद्यावर एक बारीकशी रेघ चमकली आणि अक्षरं आली, लहान, काळीभोर, सुबक.

 मिस्त्रींनी खुर्ची पुढे ओढली, फाइल उघडली आणि माउसवर हात ठेवला. बाईंचा पाय त्यांच्या हातासरशी वळला. त्यांनी तो एकदा पूर्ण फिरवला, हाडाच्या टोकाशी थांबले, अंगठ्याने दाबावं तसं किंचित दाबलं, मागे येऊन पाहिलं.

"काखेत कळसा," ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, आणि पुढचं मामांनी पुरं केलं.

पावणेसहाला आकार तयार झाला. यंत्र रात्रभर चालायचं होतं, म्हणून मामांनी त्या दिवशी मोठा खटका बंद केला नाही. मशीनही बंद झालं नाही, गार झालं नाही, त्याची परीक्षा झाली नाही. सावधराव ते तसंच चालू ठेवून घरी गेले. बायकोने विचारलं, झालं का? ते म्हणाले, झालंय असं वाटतं. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने जास्त काही विचारलं नाही, फक्त भात थोडा जास्त वाढला.

शनिवारी दुपारी वाटी बसली. व्हरांड्यात आरशासमोर दोन समांतर दांडे आहेत, त्यांच्यामध्ये माणसाला पहिल्यांदा चालवतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, दोन्ही हातांनी धरा. बाईंनी धरलं. पाच पावलं गेल्यावर त्यांनी एक हात सोडला, आरशाजवळ पोहोचल्यावर दुसरा. मिस्त्री खाली बसून वाटीच्या कडेकडे पाहत होते, चेहऱ्याकडे नाही. बाईंनी सावधरावांना खिडकीत उभं पाहिलं आणि विचारलं, की पिशवी सापडली का? सापडली, ते म्हणाले. माझ्याच खांद्यावर होती.

रविवारी केंद्र बंद. रविवारभर सगळी मशीनं गार पडून होती.

सोमवारी सावधराव आठला पाच मिनिटं कमी असताना मामांच्या खोलीत हजर झाले. त्यांनी पिशवीतून नवा पुठ्ठा आणला होता, पण त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. दोघे मिळून मिस्त्रींच्या खोलीत गेले. मामांनी बटण दाबलं. निळं आलं नाही. काळा पडदा आला, गेला, आणि सुबक अक्षरं उमटली. सावधरावांनी श्वास सोडला. तो त्यांनी शुक्रवारपासून धरला होता.

मग ते खुर्चीवर बसून पुठ्ठ्यावर लिहायला लागले. बटण दाबावे, हे पहिलं वाक्य तेच राहिलं. पुढे त्यांनी लिहिलं, काही विचारले तर आधी वाचावे.

मामा खांद्यावरून पाहत होते. "वाचून कळलं नाही तर?"

"मला फोन करा."

"आणि तुम्ही उचलला नाही तर? पुढच्या वर्षी तर तुम्ही नसालच."

सावधरावांचं पेन थांबलं. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या कुठल्याच वहीत नव्हतं. 

"तर तुम्हाला बरोबर वाटेल ते करा," ते म्हणाले. "आणि काय केलं ते लिहून ठेवा."

"वहीत?"

"वहीत."

मामांनी वही हातात घेतली, जड वाटावी तशी, आणि परत ठेवली.

साडेअकराला फोन वाजला. पोस्टमन बाई तपासणीच्या इमारतीच्या पायरीवरूनच बोलत होत्या, मागे रस्त्याचा आवाज होता. त्यांनी आपणहून सांगितलं, तीन मजले चढायला लावले, चढले. भाग परत मिळाला, पुढच्या महिन्यापासून. मग थोडं थांबून म्हणाल्या, "उतरताना कठडा धरला हो. खोटं कशाला सांगू."

"धरावा," सावधराव म्हणाले. "कठडा त्यासाठीच असतो."

फोन ठेवल्यावर त्यांनी मिस्त्रींच्या मशीनची वही उघडली. त्या दिवशीच्या तारखेखाली लिहिलं: आठ वाजता गार असताना उठले. चित्र ठीक. त्याच्याखाली एक ओळ सोडून, मशीनच्या वहीत न बसणारी आणखी एक नोंद केली: बाई तीन मजले चढल्या. उतरताना कठडा.